विषय बदलून घ्या

एप्रिल १८३१ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळापुढे एका शिक्षकाचं प्रकरण आलं. हेन्री डेरोझिओ, वय बावीस. विशी गाठायच्या आधीच तो तिथे शिकवायला लागला होता आणि त्याच्याभोवती विद्यार्थ्यांचं एक वादमंडळ उभं राहिलं होतं, ॲकॅडेमिक असोसिएशन नावाचं. दैव मोठं की माणसाची इच्छा, मूर्तिपूजेत काही अर्थ आहे का, ईश्वराचं अस्तित्व युक्तिवादाने सिद्ध होतं का, असले विषय तिथे दोन्ही अंगांनी चर्चिले जात. शहरात आवई उठली की हा पोरांना नास्तिक करतो, आईबापांची अवज्ञा शिकवतो. भावाबहिणीच्या लग्नात गैर काही नाही असंही सांगतो म्हणे. मंडळाने दोन वेगवेगळ्या प्रश्नांवर मतं घेतली. तरुणांचं शिक्षण सोपवायला हा माणूस अपात्र आहे का? बहुमत म्हणालं, तसं म्हणायला आधार नाही. मग दुसरा प्रश्न आला: सध्याची लोकभावना पाहता त्याला दूर करणं सोयीचं ठरेल का? बहुमत म्हणालं, ठरेल.

त्याला समोर बोलावून काही विचारलंही नाही. त्याने राजीनामा दिला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पटकीने तो गेला. मंडळावरच्या होरेस विल्सन यांना त्याने लिहिलेलं उत्तर मात्र शिल्लक आहे. त्याचा आशय असा: ईश्वराच्या अस्तित्वाबद्दलच्या तत्त्ववेत्त्यांच्या शंका मी मुलांपुढे मांडल्या हे कबूल करायला मला भीती वाटत नाही, लाजही वाटत नाही, कारण त्या शंकांची निरसनंही मीच मांडली. या प्रश्नावर वाद घालायलाच कुठे बंदी असेल, तर कुठल्याही बाजूने युक्तिवाद करणं सारखंच गैर म्हणावं लागेल. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. शंका मांडायला बंदी घातली की श्रद्धेच्या बाजूचा युक्तिवादही मुका होतो. तो कोणाला उद्देशून करायचा?

मला या प्रकरणात पहिल्यापेक्षा दुसरा ठराव जास्त बोलका वाटतो. पहिल्या ठरावात निदान आरोप होता, तो तपासता आला आणि टिकला नाही. दुसऱ्यात आरोपच नाही. लोकांना काय वाटतं एवढंच आहे, आणि लोकांना काय वाटतं याला उलटतपासणी नसते. जगभरच्या कॉलेजांत वादविवादाचे विषय ठरतात तेव्हा आजही दुसऱ्याच ठरावाचा अंमल चालतो. बंदीचा कागद कोणी काढत नाही. विद्यार्थ्यांनी केलेली विषयांची यादी वर जाते, दोन दिवसांनी खाली येते आणि कोणीतरी वडीलकीच्या सुरात सांगतं, "बाकी सगळं छान आहे, तो तेवढा विषय बदलून घ्या."

मग उरतं काय? मोबाईल शाप की वरदान. परीक्षा हव्यात की नकोत. यंत्रयुगात माणूस सुखी झाला का. या विषयांची गंमत अशी की अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही वक्त्यांचा समारोप 'अतिरेक मात्र टाळावा' इथेच येऊन मिळतो. परीक्षकांना निकालाची भीती नाही, प्राचार्यांना वर्तमानपत्राची नाही, वक्त्यांना तर कशाचीच नाही. विज्ञान शाप की वरदान याचा निकाल गेल्या कित्येक पिढ्यांत लागलेला नाही आणि तो लागावा अशी कोणाला घाईही दिसत नाही. ज्यावर खरोखर कोणाचं दुमत नाही तो वादाचा विषय नव्हे, ते पाठांतराचं प्रदर्शन झालं.

माझं म्हणणं असं की कॉलेजच्या वादविवादात घ्यायचे ते वादग्रस्तच विषय. माणसं आज ज्यावर खरोखर दुभंगलेली आहेत, जेवणाच्या टेबलावर ज्यावरून आवाज चढतात, तेच. आणि बाजू चिठ्ठी टाकून द्यायची. हे दोन्ही एकत्र हवं. एक असून दुसरं नसेल तर फायदा फारसा नाही, तोटाच संभवतो. ते कसं, ते पुढे सांगतो.

बंदीचा इतिहास जुना आहे आणि बराचसा विनोदी. केंब्रिज युनियन ही वादसभा १८१५ मध्ये निघाली आणि दोन वर्षांत विद्यापीठाने ती बंद पाडली. सभा चालू असताना विद्यापीठाचे शिस्तपालक आत शिरले. अध्यक्षपदी विल्यम व्ह्यूएल नावाचा विद्यार्थी होता. त्याने थंडपणे सांगितलं की परक्या माणसांनी कृपया बाहेर जावं, म्हणजे त्यांच्या निरोपावर सभागृहाला विचार करता येईल. बाणा झकास, पण सभा मिटली ती मिटलीच. १८२१ मध्ये परवानगी मिळाली ती अशा अटीवर की ताज्या राजकारणाला हात लावायचा नाही, चर्चा गेल्या शतकापर्यंतचीच करायची. म्हणजे जे निवाड्याला येऊन चुकलं आहे त्याच्यावरच मत बनवायला शिका. जे उद्या याच मुलांना संसदेत बसून ठरवायचं होतं, ते सोडून.

याहून जास्त विचार करायला लावणारं उदाहरण १९५४ सालचं आहे. अमेरिकेत कॉलेजांच्या वादविवादासाठी दरवर्षी एक राष्ट्रीय विषय ठरतो. त्या वर्षीचा विषय होता: चीनच्या कम्युनिस्ट सरकारला अमेरिकेने राजनैतिक मान्यता द्यावी. काळ लक्षात घ्या. कोरियात चिनी सैन्याशी लढताना अमेरिकी जवान मेले होते, युद्धविराम होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं. सिनेटर मॅकार्थींनी घरोघर कम्युनिस्ट हेर शोधायला लावले होते. सिनेटने त्यांचा निषेध केला तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात. अशा हवेत हा विषय म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात काडी. अन्नापोलिसची नौदल अकादमी आणि वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, दोघींनीही आपल्या संघांना या विषयावर बोलायला मनाई केली. कारण असं की मुलांना अनुकूल बाजूनेही बोलावं लागेल, मग कम्युनिस्टांची तरफदारी त्यांच्या नावावर लागेल आणि त्या विचारांचा प्रसारही होईल.

या कारणाला हसू नये. उद्या हाच मुलगा बढतीसाठी उभा राहील आणि कोणीतरी फाईल उघडून विचारेल, कॉलेजात तू चीनच्या बाजूने बोलला होतास ना? त्या काळात असं होत होतं. अधिकाऱ्यांना मुलांची काळजी होती असंच आपण धरून चालू. पण त्या काळजीने काय साधलं? आशियातल्या समुद्रात ज्यांना पुढे आरमारं चालवायची होती, नेमक्या त्याच तरुणांना चीनचा प्रश्न दोन्ही बाजूंनी अभ्यासायची मुभा नव्हती. इतर अनेक कॉलेजांतल्या मुलांनी तो अभ्यासला. तैवानचं काय करायचं, संयुक्त राष्ट्रांतली जागा कोणाची, मान्यता म्हणजे पसंती असते का, हे सगळं त्यांनी उकरून काढलं. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनच्या राजधानीला, पेकिंगला गेले. १९५४ मध्ये हेच गृहस्थ उपराष्ट्राध्यक्ष होते. १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने मान्यता दिली. अनुकूल बाजू बरोबर होती असं यावरून मला सिद्ध करायचं नाही. मान्यतेविरुद्धचे मुद्देही वजनदार होते आणि तैवानचा गुंता आजही सुटलेला नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की 'राष्ट्राचं धोरण ठरलेलं आहे, त्यावर वाद कसला' हे वाक्य ज्या प्रश्नाबद्दल उच्चारलं गेलं, तो ठरलेला नव्हता.

आता कोणी ऑक्सफर्डचा दाखला काढील. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ऑक्सफर्ड युनियनने २७५ विरुद्ध १५३ मतांनी ठराव संमत केला की हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन दहा दिवस झाले होते. इंग्लंडभर गहजब झाला. भेकडपणाचं चिन्ह म्हणून पांढरी पिसं युनियनला पाठवली गेली. चर्चिल यांनी या ठरावाला लाजिरवाणा म्हटलं. त्यांचे चिरंजीव रँडॉल्फ तो ठराव इतिवृत्तातून खोडून काढायला जातीने ऑक्सफर्डला आले आणि ७५० विरुद्ध १३८ मतांनी हरून परत गेले. या दुसऱ्या मतदानाकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. पहिल्या वेळी विरुद्ध मत दिलेल्यांपैकीही काहींनी आता खोडण्याच्या विरोधात मत दिलं असणार, नाहीतर एवढा आकडा कुठून येईल? ठराव पसंत नसलेल्यांनाही बाहेरच्या दडपणाने तो फाडणं पसंत नव्हतं, असाच त्याचा अर्थ लागतो. आणि सहा वर्षांनी युद्ध आलं तेव्हा ती पिढी घरी बसली नाही. वादसभेतलं मत म्हणजे शपथ नव्हे. पहिल्या महायुद्धातल्या कत्तलीच्या छायेत वाढलेल्या मुलांनी त्या रात्री स्वतःला एक अवघड प्रश्न विचारून पाहिला, इतकंच. त्यांनी तो न विचारता सैन्यात जायला हवं होतं, असं म्हणणाऱ्याला मी थोडा घाबरतो.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप बंदी घालणाऱ्यांचा नाहीच. तो अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा आहे. आत्मचरित्रात त्यांनी साफ लिहिलं आहे की ज्या स्पर्धांत बाजू नेमून दिली जाते आणि ती वक्त्याला पटते की नाही याची फिकीर नसते, त्या स्पर्धांबद्दल आपल्याला तिळमात्र सहानुभूती नाही. तरुणांना सत्याच्या बाजूची तळमळ शिकवावी. खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं करण्याची चलाखी शिकवू नये. हा आक्षेप तोलाचा आहे. कॉलेजात चषकांनी कपाट भरणारा आणि पुढे कशावरच विश्वास नसणारा वक्ता आपल्या सगळ्यांना माहीत असतो. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तर ही भानगड फार आधी ओळखली होती. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढणं ही वितंडा, असे चर्चेचे तीन प्रकार गौतमाच्या न्यायसूत्रांत सांगितले आहेत. जिथे परीक्षक, गुण आणि चषक आहेत तिथे जल्प असणारच. स्पर्धेचं अंगच तसं आहे. ते मी नाकारत नाही.

पण चलाखी कुठे फोफावते ते नीट पाहा. ती गुळगुळीत विषयांवर फोफावते. 'मोबाईल शाप की वरदान' यात तुम्हाला खोटं पाडील अशी एकही वस्तुस्थिती नाही, म्हणून तिथे शेरोशायरी चालते, आवाजाचे चढउतार चालतात, शेवटी टाळ्या घेणारं वाक्य चालतं. आता विषय बदला: या सभेचे मत आहे की फाशीची शिक्षा रद्द करावी. ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीच्या स्पर्धेत विषय जाहीर झाल्यावर तयारीला पंधरा मिनिटं मिळतात. जोडीदाराशी बोलायचं, इंटरनेट बघायचं नाही. समजा चिठ्ठीत रद्द करण्याची बाजू आली आणि बोलणाऱ्या मुलीला मनातून फाशी हवीच असं वाटतं. पहिली दोन मिनिटं ती नुसती चिडते. मग तिला टिमथी इव्हान्स आठवतो: १९५० मध्ये लंडनमध्ये फासावर गेला, स्वतःच्या मुलीच्या खुनाबद्दल, आणि १९६६ मध्ये त्याला मरणोत्तर माफी द्यावी लागली, कारण त्याच घरात राहणारा दुसराच माणूस खुनी निघाला होता. चुकीने दिलेला तुरुंगवास निदान थांबवता येतो, चुकीची फाशी थांबवता येत नाही. हा मुद्दा तिच्या हाती लागतो. पलीकडच्या जोडीला बच्चन सिंग खटला माहीत असतो. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनाबाह्य नाही म्हटलं, पण दुर्मीळातल्या दुर्मीळ प्रकरणातच ती द्यावी असंही सांगितलं. ही जोडी त्यावर उभी राहणार: चूक टाळायची व्यवस्था कायद्यात आहेच. मग पहिलीला त्यावर उत्तर शोधावं लागतं, दुर्मीळ कशाला म्हणायचं हे ठरवताना न्यायाधीशागणिक फरक पडत असेल तर त्या व्यवस्थेचा भरवसा किती? सात मिनिटांच्या भाषणात पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून केव्हाही समोरचा उठून प्रश्न विचारू शकतो. इथे शेरोशायरीने निभत नाही.

मुलगी बाहेर पडताना फाशीच्याच बाजूची राहील कदाचित. राहू दे. पण 'फाशीला विरोध करणारे सगळे गुन्हेगारांचे कैवारी' हे वाक्य तिला पूर्वीइतक्या सहज उच्चारता येणार नाही, कारण सात मिनिटं ती स्वतः त्या जागी उभी होती. जॉन स्टुअर्ट मिल म्हणून गेला की ज्याला फक्त आपलीच बाजू माहीत आहे त्याला तीही फारशी माहीत नसते. रूझवेल्टना हवी असलेली तळमळ मलाही हवी आहे. जी तळमळ जन्माने, घराने, गल्लीने आयती हातात दिली आणि एकदाही परक्या युक्तिवादाच्या वाऱ्याला लागली नाही, ती सत्याची तळमळ आहे की निव्वळ मुक्कामाची, हे सांगायचं कसं?

सप्टेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात झालेली एक स्पर्धा यासाठी आठवण्यासारखी आहे. एका बाजूला हार्वर्डचे विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला बार्ड कॉलेजच्या उपक्रमात तुरुंगातूनच पदवीचं शिक्षण घेणारे कैदी. कैद्यांकडे इंटरनेट नव्हतं. पुस्तक किंवा लेख हवा असेल तर मागणी करायची, तुरुंग प्रशासन मंजुरी देणार, कधी कधी त्यात आठवडे जाणार. त्यांच्या वाट्याला आलेली बाजू अशी: कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांना सरकारी शाळांनी प्रवेश नाकारण्याची मुभा असावी. ही बाजू त्यांना मुळीच पटत नव्हती. त्यांनी ती लढवली आणि परीक्षकांनी त्यांना विजयी केलं. वृत्तपत्रांना यातला 'कैद्यांनी हार्वर्डला हरवलं' हा भाग आवडला आणि तो आहेच तसा. माझं लक्ष दुसरीकडे जातं. ही माणसं समाजाने एका निकालात बंद केलेली. त्यांनी स्वतःला न पटणाऱ्या लोकांच्या डोक्यात शिरून तिथला सर्वांत मजबूत युक्तिवाद शोधून काढला. बाहेर मोकळं फिरणाऱ्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी हे केलं असेल?

म्हणूनच म्हटलं की वादग्रस्त विषय आणि नेमून दिलेली बाजू दोन्ही एकत्र हवं. ज्याने त्याने आपापली बाजू घेऊन पेटता विषय लढवला तर ती सभा होते, वाद होत नाही. माणसं आली तशीच, जरा जास्त तापून, परत जातात. बाजू चिठ्ठीवर ठेवली आणि विषय मिळमिळीत असला तर नुसती जिभेची कसरत. दोन्ही असलं की निदान एका संध्याकाळपुरता माणूस आपल्या मतापासून हातभर लांब उभा राहतो.

मर्यादा नाहीत का? आहेत, आणि त्या मांडताना मला अवघड जातं हेही खरं. धोरण, कायदा, संस्था, इतिहासातला निर्णय, धर्माचा दावा, सगळं वादाला खुलं असावं. सभागृहात बसलेल्या कोणाचं माणूसपण मात्र ठरावाला टाकू नये. ही रेघ कागदावर सरळ दिसते, प्रत्यक्षात वाकडी जाते. आरक्षणाचे निकष बदलावेत का, हा धोरणाचा प्रश्न आहे. पण त्यावर बोलताना एका बाकावरचा मुलगा आकडे मांडतो आणि शेजारच्या बाकावरच्याला आपल्या आजोबांचं आयुष्य ऐकू येतं. दोघांना ती सात मिनिटं सारख्या वजनाची नसतात. वादविवादाच्या भक्तांनी हे कबूल करावं. त्यावर तोड विषय टाळणं ही नव्हे. एक म्हणजे शब्द जपून निवडणं. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी केंब्रिज युनियनमध्ये काळे अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविन आणि पुराणमतवादी संपादक विल्यम बक्ली समोरासमोर आले तेव्हा ठराव होता की अमेरिकन स्वप्न हे अमेरिकी निग्रोंच्या जिवावर उभं आहे. काळ्या माणसाची लायकी काय, असा प्रश्न नव्हता. देशाच्या स्वप्नाचा हिशेब मागितला होता. बाल्डविन यांना त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं नाही, बक्लींनाही आपली बाजू मांडायला पुरती जागा होती. ५४४ विरुद्ध १६४ मतांनी ठराव संमत झाला. दुसरं म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याला नेमून दिलेली बाजू खरोखरच जिवावर येत असेल, तर गुण न कापता बदलून मागायची सोय असावी. अशी सोय ठेवल्याने स्पर्धेचं काही बिघडत नाही.

एक घोटाळाही इथेच दूर करायला हवा. भडक बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या पाहुण्याला बोलावून व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपक देणं म्हणजे वादविवाद नव्हे. वादात समोर तितकीच मिनिटं असलेला प्रतिस्पर्धी असतो, मध्येच अडवायचा हक्क असतो, वेळेची घंटा सगळ्यांना सारखी वाजते. पाहुण्याच्या व्याख्यानाला परवानगी द्यावी की नाही हा वेगळा प्रश्न. त्या भांडणाचा राग विद्यार्थ्यांच्या वादसभेवर काढायचं कारण नाही.

आजची सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे आणि १९५४ च्या अधिकाऱ्यांची भीती तिने पुन्हा जिवंत केली आहे. तेव्हा फाईल होती, आता फोन आहे. सात मिनिटांच्या भाषणातली बारा सेकंदं कापली जातात, बाजू चिठ्ठीने आली होती हे त्यात कुठेच नसतं, आणि रात्रीतून ते वाक्य त्या मुलीचं कायमचं मत होऊन बसतं. नोकरी देणारा पाच वर्षांनी नाव टाकून शोधतो तेव्हा तेच आधी वर येतं. मुलं आता स्वतःच सपक विषय मागू लागली तर त्यांना भित्री म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. यावर उपाय करायचा तर तो कॉलेजने करावा. लंडनच्या चॅटॅम हाउस संस्थेत १९२७ पासून एक नियम चालत आला आहे: सभेत ऐकलेली माहिती बाहेर वापरा, पण कोण काय म्हणालं ते सांगू नका. वादसभेला तो थोडा फिरवून लावता येईल. चित्रण करायचं तर पूर्ण भाषणाचं आणि आयोजकांनीच. प्रत्येक चित्रणाच्या सुरुवातीला आणि तळाशी, बाजू नेमून दिलेली आहे, ही पाटी. आणि तुकडा फिरायला लागलाच तर प्राचार्यांनी त्याच दिवशी, मुलीच्या माफीनाम्याची वाट न पाहता, स्वतःच्या सहीने सांगावं की ती बाजू आम्ही दिली होती. हे शेवटचं सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी वेळा घडतं.

'कॉलेजचं मत काय, असं लोक विचारतील' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. शिकागो विद्यापीठाने १९६७ मध्ये नेमलेल्या कॅल्व्हन समितीने याचा निवाडा करून ठेवला आहे: विद्यापीठ हे टीकाकारांचं घर आहे, ते स्वतः टीकाकार नव्हे. कॉलेजला मत नसतं म्हणून तर त्याच्या छताखाली सगळी मतं उभी राहू शकतात. ज्या संस्थेने वादग्रस्त विषय टाळले तिने तटस्थता पाळली असं तिला वाटतं. प्रत्यक्षात तिने सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्यांचं मत आपलं म्हणून घेतलेलं असतं.

कायद्याची आडकाठी तर फारच कमी वेळा असते. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. एखाद्या बाजूची नुसती चर्चा, किंवा कितीही अप्रिय बाजूचा पुरस्कार, हा अभिव्यक्तीच्या हक्काचा गाभाच आहे. चिथावणीची पायरी आली की मगच निर्बंधाचा प्रश्न उभा राहतो. वेळेच्या घंटेखाली, विरोधकासमोर, चिठ्ठीने आलेल्या बाजूवर केलेलं भाषण पहिल्या पायरीवरच असतं. आणि त्याही आधी, १९८९ च्या रंगराजन खटल्यात, निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही असं न्यायालयाने बजावलं होतं. जमाव आवरता येत नाही ही सबब सरकारलासुद्धा चालत नाही. मग जी धमकी अजून आलेलीही नाही तिच्या भीतीने महिनाभर आधी यादी चाळणाऱ्या संस्थेला ती कशी चालावी?

प्रत्यक्षात धमकी आली तर काय करायचं, हा मात्र रास्त प्रश्न आहे. निवेदन घेऊन माणसं दारात उभी असतात, खाली पंचवीस सह्या असतात आणि कार्यक्रम दोन दिवसांवर असतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी निवेदन घेतलं जातं, चहा दिला जातो आणि विषय बदलला जातो. त्याऐवजी निवेदन घ्यावं, चहाही द्यावा आणि विचारावं: तुमच्यापैकी कोण बोलणार? स्पर्धेनंतर सभागृहातल्या श्रोत्यांना बोलायची मुभा ठेवावी, त्यात पहिली सात मिनिटं त्यांची. नियम सगळ्यांना असतात तेच. घंटा वाजली की थांबायचं, आणि मध्ये उठून कोणी प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर द्यायचं.